कपॅसिटरवरचा डाग

...आणि वर मला म्हणतात, श्वाससुद्धा जरा बेतानं सोड! आता तुम्हीच सांगा, माणसानं स्वतःच्या घरात, स्वतःच्या जेवणाच्या टेबलाशेजारी, श्वास घ्यायचा की नाही? बरं, टेबलावर असं असतं तरी काय? पक्षी नाही, फुलपाखरू नाही, की बाई खोकली आणि ते भुर्रकन उडालं. असतो एक रेझिस्टर! रेझिस्टर म्हणजे, तुम्हाला सांगते, रेडिओ-बिडिओ उघडला की आत ते रंगीत पट्ट्यांचे तांदळाएवढे दाणे दिसतात ना, त्यातला एक. त्याला दोन पाय असतात, पण तो काही कुठं पळून जात नाही. तरी आमचे हे त्याच्यासमोर वाकतात, एक डोळा मिटतात आणि कुजबुजतात, "हलू नकोस." कुणाला? त्याला नाही हो, मला!

हे रिटायर झाले तेव्हा मला वाटलं, चला, आता माणूस घरात लक्ष घालेल. घातलं की! टीव्हीच्या रिमोटमध्ये घातलं, मिक्सरमध्ये घातलं, माझ्या उशाशी चांगलं चालत असलेल्या गजराच्या घड्याळात घातलं. सगळ्याची पोटं फाडून झाली. कारण काय, तर लेकीनं ह्यांना कॅमेरा दिला आणि वर ते अगदी जवळून फोटो काढायचं भिंग. तिचं बरंय, देऊन ती आपल्या घरी गेली, निस्तरतेय मी.

आणि एक फोटो म्हणजे एक फोटो नाही बरं का! इतक्या जवळून काढायचा म्हणजे एका वेळी केसभरच भाग स्पष्ट येतो, बाकी सगळा धूसर. मग काय, एक काढायचा, कॅमेरा केसभर पुढं सरकवायचा, पुन्हा काढायचा, पुन्हा सरकवायचा, असे ढीगभर काढायचे आणि ते सगळे कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे, तेव्हा कुठं तो दाणा डोक्यापासून पायापर्यंत नीट दिसणार. आणि मध्येच घरात कुणी पाऊल टाकलं, की जमीन हादरते म्हणे, आणि सगळं पहिल्यापासून! म्हणून पंखा बंद. फ्रिज बंद, कारण त्याची मोटर थरथरते, मग दूध नासलं तरी चालेल. फोन बंद. वरच्या मजल्यावरच्या बाईंना हे स्वतः जाऊन सांगून आले, की तासभर जरा बसून राहाल का. त्या बिचाऱ्या संध्याकाळी खाली आल्या आणि मला बाजूला घेऊन विचारतात, घरात सगळं ठीक आहे ना हो?

माझा भुवया कोरायचा चिमटा गेला, पावडरचा ब्रश गेला, कशासाठी, तर कपॅसिटरच्या, म्हणजे रेडिओच्या पोटातल्याच आणखी एका तुकड्याच्या, अंगावरची धूळ झटकायला. आणि मी? मी उजेडासाठी बॅटरी धरायची. पुढं कागद लावलेली बॅटरी, एका कोनात, न हलता. बाजारात स्टँड मिळतो म्हटलं, तर म्हणतात, "स्टँडला जरा डावीकडे हो म्हणून सांगता येत नाही." घ्या! म्हणजे घरात माझा उपयोग काय, तर मी कान असलेला स्टँड आहे.

आता माझं खरं दुखणं सांगते. ह्या माणसानं लग्न झाल्यापासून माझा एक धड फोटो काढलेला नाही. एकसुद्धा नाही! समुद्रावर गेलो, समुद्र छान आला, मी मात्र कपाळाच्या वर छाटलेली. लेकीच्या बारशाला लेक आली, पाळणा आला, माझी कोपरं आली. आणि कुठं चुकून सगळी आलेच, तर धुरातून चालल्यासारखी. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "तू हललीस." मी हलले! एवढ्या वर्षांत एकदासुद्धा ह्यांचा हात हलला नाही, दरवेळी मीच हलले.

तर मी नोकरी करत होते वाचनालयात, अख्खा जन्म त्या देवघेवीच्या काउंटरमागं गेला. माझ्या निरोपाला वाचनालयवाले एक छोटंसं पुस्तक छापणार होते, त्यात एक पानभर माझा फोटो. मला दुसरं काही नको होतं हो, शाल नको, भाषणं नकोत. जाताना एक धड फोटो मागं राहावा, एवढंच. ह्यांना सांगितलं. म्हणाले, रविवारी काढू. रविवारी डायोड आला, म्हणजे तसलाच आणखी एक दाणा. पुढच्या रविवारी म्हणाले, प्रकाश बरा नाही, आणि त्याच प्रकाशात एका जुन्या बल्बच्या तारेचे फोटो काढत बसले. शेवटी वाचनालयाच्या सेक्रेटरीबाईच कंटाळल्या, म्हणाल्या, राहू द्या, आमचा फोटोग्राफर तुमच्या घरी येईल, चार वाजता.

तीन वाजल्यापासून मी तयार! ठेवणीतले कपडे, आईचे कानातले, केस दोनदा मोडून दोनदा बांधले. खुर्चीत टेकतेय तोच हे आले. "अगं, तो येईपर्यंत जरा बॅटरी धरतेस? पाचच मिनिटं." ह्यांची पाच मिनिटं! टेबलावर एक कपॅसिटर उभा, बोटाच्या पेराएवढा, चकचकीत पत्र्याच्या डब्यासारखा. मी म्हटलं, फोन तरी चालू ठेवा, तो येणार आहे. तर म्हणतात, "दाराला बेल आहे ना, वाजेल की. हलू नकोस." नाही हलले. चार वाजले, साडेचार वाजले, माझा खांदा भरून आला, बेल काही वाजेना. आणि वाजणार कशी हो? कपॅसिटर बेलमधलाच होता!

दाराबाहेर तो फोटोग्राफर बेल दाबतोय, दाबतोय, आणि आत आम्ही दोघं त्याच बेलच्या पोटातल्या डब्यासमोर श्वास रोखून उभे. दार का वाजवलं नाही म्हणून नंतर विचारलं, तर म्हणाला, आत इतकी शांतता होती, वाटलं घरात कुणी नाही. गेला निघून. छपाई त्याच दिवशी होती. पुस्तकात माझा ओळखपत्रावरचा फोटो लागला, एक डोळा अर्धा मिटलेला. निरोपाच्या दिवशी सगळे म्हणाले, छान आलाय. मी घरी येऊन रडले, खोटं कशाला सांगू? ह्यांच्याशी किती दिवस बोलले नाही. हे घरात नुसते पायांचा आवाज न करता फिरत होते.

मग त्या कपॅसिटरचा फोटो ह्यांनी कुठल्याशा स्पर्धेला पाठवला. निवडला गेला! परीक्षकांनी कळवलं, की पहिल्या नंबराचं काम आहे, फक्त पत्र्यावर डाव्या अंगाला एक डाग आहे, तेवढा पुसून पुन्हा पाठवा. हे बसले पुसायला. तो डाग मोठा केला, अजून मोठा केला, आणि खुर्ची पुढं ओढून पडद्याला नाकच लावलं. मी मागून डोकावले.

तर पत्र्यात मी. ठेवणीतल्या कपड्यांत, आईचे कानातले घालून, हातात बॅटरी. आरशात दिसावी तशी उभी, त्या गोल पत्र्यामुळं चक्क बारीक! डोळे उघडे. नाक, हनुवटी, कानातल्याचा खडासुद्धा स्पष्ट. इतक्या फोटोंभर मी तसूभर हलले नव्हते ना! मी म्हटलं, "पुसा आता, नाहीतर नंबर जाईल." तर माझ्याकडं न बघता म्हणाले, "नाही पुसायचं. तुझा असा कधी आलाच नव्हता." आणि कॉम्प्युटर बंद करून चहा ठेवायला गेले. मला तोंड फिरवून उभं राहावं लागलं.

नंबर गेला. उत्तेजनार्थ मिळालं. आता तो फोटो दारासमोरच टांगलाय, हा एवढा मोठा. येणारा प्रत्येक जण म्हणतो, वा, काय चकाकी आहे, काय बारकावा आहे! आणि मग जवळ जाऊन, बोट ठेवून, हळूच मला विचारतो, "हा एवढा डाग का राहिला हो?" सुरुवातीला सांगायचे, की बाबा रे, तो डाग म्हणजे मी. लोक हसायचे, त्यांना वाटायचं थट्टा करतेय. आता नाही सांगत. मान हलवते आणि आत जाते. डाग तर डाग... पण हललेला नाहीये!