‘सूतगिरणी’ कधी येणार?

सोलापुरातल्या एका कान-नाक-घशाच्या दवाखान्यात अद्वैत कान दाखवायला बसला होता. शेजारी एक बाई आणि त्यांची मुलगी बसल्या होत्या. मुलीच्या फोनवर त्याला ‘पंचेचाळीस अंश’ या आपल्या लाडक्या रॉक बँडचं पेज दिसलं आणि त्यानं कान टवकारले.

“झीनत, आज काय लिवलंय पोरांनी?”

“तेच, अम्मी. ‘सूतगिरणी’ गाणं कधी काढणार? चार वर्षं झाली म्हणे.”

“आतिफच्या गळ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून सांग की त्यांना.”

“भाईजान नको म्हणतो. कुणी कीव केलेली नको त्याला. आवाज आला की गाईन म्हणतो.”

“येईल की. आनी काय लिवलंय?”

“तो ‘रॉकवेडा’ रोज लिहितो. काल म्हणाला, ‘आतिफ, गाता येत नसेल तर बँड बंद कर.’ भाईजाननं वाचलं आणि ताटावरून उठला.”

अद्वैतची कानशिलं तापली. रॉकवेडा तोच होता.

“त्याला उत्तर दे.”

“असल्या माणसाला? मी नाही देणार.”

“रोज इचारतो म्हंजे लई जीव हाय त्याचा गाण्यावर. आण तो फोन.” बाईंनी फोन अद्वैतपुढे धरला. “बेटा, मला लिवता येत न्हाय. तू लिव की. गाणं येणार हाय, रागावू नको. खाली लिव, आतिफची अम्मी.”

अद्वैतनं मान वर न करता रॉकवेडाच्या कमेंटखाली एकेक अक्षर लिहिलं आणि पाठवलं. लगेच त्याच्या खिशातला फोन वाजला.

“बघ की बेटा,” बाई म्हणाल्या, “घरचं कुणी काळजीत असंल.”