चौथा ओंडका

सुकलाल: देख वाहरू, डोळा फाडीसन देख! पाळणाना पायना तीन ओंडका, तीनही टोकपाईन मधमां तडकी गयात. हाई लाकूड शे का उन्हाळानं वावर?

वाहरू: दिवाळीनंतर दिले तेव्हा तडकले नव्हते, दादा.

सुकलाल: म्हने नव्हते! धडगावना डोंगरवरथून सडकं हळदूनं लाकूड आनं, आनि शेण फासीसन तडा दपाडात. गोरा साहेबना मेजना पाय मन्हा हातना शेतस, मन्हा! आनि तू माले शेण दखाडस?

वाहरू: काही लपवलं नाही. ओल्या लाकडाचं पाणी टोकातून पळतं. टोक आधी आखडतं, पोट मागं राहतं. मग फाटतं. म्हणून टोकांना शेणमाती. खरवडू नका, असं बोललो होतो.

सुकलाल: आइकं का, शोभानी माय? जे झोळीमां पोर टांगतस, त्या आते खरादीले लाकूड शिकाडी ऱ्हायनात!

धनुबाई: आइकं. त्या दिन बी आइकं व्हतं. तरी तुमी वाकस लिसन खरडाले बठनातच.

सुकलाल: मंग? शेण लायेल माल ओटावर मांडू? लोक थुंकतीन. आते आठ दिनवर नातूनं बारसं. कोरीटनी विहीनबाईले छाती ठोकीसन सांगेल शे, पोऱ्या आजाना हातना पाळणामांच निजी. ती बाई जलमभर टोमना मारी. तुले काय त्यानं?

वाहरू: मी चार दिले होते. चौथा कुठं आहे?

सुकलाल: व्हई आठेच. तो बी तसाच सडका.

धनुबाई: त्यावर मी बठेल शे. रोज बठीसन तांदूळ निवडस. तुमी खरडाले उनात, मी उठनूच नही. घ्या, आते उठस.

(वाहरू ओंडका आडवा करतो आणि दोन्ही टोकांचं वाळकं शेण नखानं काढतो.)

धनुबाई: केसएवढी बी चीर नही!

सुकलाल: सावलीमां व्हई तो.

धनुबाई: त्याच ओटावर, त्याच ऊनमां! पाच महिना मन्हं डोकं तपनं ते दखायनं नही, आनि लाकूडनी सावली दखायनी तुमले!

सुकलाल: बरं, बरं. वाहरू, आखो तीन आन. उद्याच.

वाहरू: आणीन. ओले. वाळतील दिवाळीला.

सुकलाल: आनि बारसं?

वाहरू: एक पाय झाला ना? बाकीचे तीन साहेबाच्या मेजाचे काढून लावा.

सुकलाल: हसू नको! तू बी हसू नको, शोभानी माय!

धनुबाई: हसू नही ते काय करू? शेणले नाक मुरडं, आते विहीनबाईसमोर नाक कथं दपाडशात?

वाहरू: माझाही नातू आहे, दादा. झोळीत झोपतो. झोळीला पाय लागत नाहीत. येतो, माय.

धनुबाई: मन्हं नवं लुगडं शे पेटीमां. मऊ शे.

सुकलाल: वाहरू... थांब. त्या झोळीनी गाठ कशी मारतस, तेवढं दखाडी जाय. आठे ओटावर नको. घरमां ये. बाजार देखी ऱ्हायना.