फायनलच्या दिवशी सत्यनारायण

अहो, अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नची गंमत ऐका. आमचा समीर शिकला त्या कॉलेजची फुटबॉल टीम एकेक फेरी जिंकत देशाच्या फायनलला पोचली, आणि सूनबाईंनी नेमका त्याच दिवशी सत्यनारायण घातला! बिचारा मॅच रेकॉर्डला लावून पाटावर बसला. "बाबा, स्कोअर कुणी सांगायचा नाही हं!"

मी दारातच उभा. येईल त्याच्या कानात सांगितलं, "समीरशी बोलू नका. नुसता पाठीवरून हात फिरवा आणि सुस्कारा सोडा."

आरतीपर्यंत पोराचं तोंड एवढंसं झालं. "हरलो ना, बाबा?"

तरी रडतखडत मॅच बघायला बसला. शेवटच्या मिनिटाला टीम जिंकली, तसा सोफ्यावर नाचायला लागला. मग एकदम माझ्याकडे वळला. "तुम्हाला माहीत होतं?"

"छे रे! पाहुण्यांनाही नव्हतं. देशपांडेबाई तर मला विचारत होत्या, 'कोण गेलं हो याचं?'"