सगळ्यांनाच कुंकू लागलं

मी हसनाबादचा, लोहाराचा. बाप फाळ शेकायचा, पण मला वाड्याच्या मालकानं बंदुका पुसायला ठेवून घेतलं. निजामाचं राज होतं, मालकाला शिकारीचा लई नाद. कोण्या बंदुकीच्या बोल्टाचा, म्हंजे गोळी घालून मागून बंद करायच्या खिट्टीचा, दांडा सरळ, कोणीचा वाकलेला, कोणीच्या लाकडी दस्त्यावर नक्षी, डोळे झाकून हात फिरवला की मी सांगायचो ही कोणती. पण नळीवर अन् बोल्टावर कोरलेला आकडा वाचता येत न्हवता, काय सांगू तुम्हाला, तिथंच घोटाळा झाला.

मालकाची अन् त्यांच्या भावाची, धाकल्या मालकाची, बंदूक एकाच दुकानातून आल्ती, बिलकुल सारखी. म्हणून धाकल्याच्या बोल्टावर मी कुंकवाचा ठिपका द्यायचो. दसऱ्याला सगळ्या खोलून, तेल लावून पाटावर मांडल्या, अन् मालकीणबाईनं पूजेत सगळ्यांनाच कुंकू लावलं. मंग मी अंदाजानं जोडल्या. धाकले मालक आपली घेऊन वडीगोद्रीला गेले, अन् दुसऱ्या दिवशी मालकाचा बोल्ट जड चालून राह्यला. मला समजलं, दोघांचे बोल्ट अदलाबदल झाले. भ्यालो, अन् गपचिप बोल्टाला कानस मारली. दुसरीचा बोल्ट नीट बसला न्हाई तर बार उलटा तोंडावर येतो. वर्षभर मालक शिकारीला निघाले की ते घरी येईपर्यंत मी वेशीत बसून राह्यचो.

मंग पोलीस ॲक्शन झालं, फौजेनं बंदुका जमा करायला सांगितल्या. साहेबानं पाह्यलं तर नळीवर एक आकडा, बोल्टावर दुसरा. म्हणे या बोल्टाची बंदूक कुठं लपवली, रझाकाराला दिली का. मालक म्हणे मला ठाव न्हाई, अन् खरंच ठाव न्हवतं. त्यांना उन्हात बसवलं. बोललो तर मलाच बांधतील, तरी पुढं झालो, म्हणलं साहेब, गलती माझी हाय, ती बंदूक वडीगोद्रीला हाय. जीप गेली, बंदूक आली, बोल्ट बदलून पाह्यले, आकडे बराबर जुळले.

मालक उठले. वाटलं थोबाडीत बसंल. हळूच म्हणले, अरे, वर्षभर मी ती गालाला लावून बार काढले, तुला ठाव होतं? त्यांनी पुन्हा मला कधी बोलावलं न्हाई.

आता डोळे गेले. नातू पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. दसऱ्याला नातसून ताट घेऊन आली की मी म्हणतो, माय, थांब जरा, आधी त्याला सगळं जोडू दे, मंग लाव कुंकू. ती हसती. हसू दे, सुखी राहो.