अप्पांना उघडा तळहात पाहिजे होता

काकू, अन् जमलेल्या मायबापहो, मला बोलायला उठवलं खरं, पण काय बोलू? मला तर एका जागी उभंच ऱ्हाता येत न्हाई. मुदखेडला स्टेशनसमोर मोबाइल दुरुस्त करत होतो, ते सोडलं, मग किनवटला... असू द्या. अप्पांचं सांगतो.

मन्मथअप्पांचा डावा हात सोयाबीन काढताना हडंब्यात, त्या मळणीच्या मशीनमध्ये गेला. समद्या चाकूरला ठाऊक हाय. पण अप्पांचं खरं काय गेलं? पूजा गेली. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन बसायचं, हे रोजचं. उजव्यावर घेऊन बघितलं. म्हणाले, "पाव्हण्याच्या घरी बसल्यावानी वाटतंय रे."

मग लातूरच्या शिबिरात मशीनचा हात मिळाला. मीच नेलं होतं. तिथं बालूशाही लई झकास होती... असू द्या. मनात आणलं की नसांचा इशारा कोपराखाली येतो, कातडीवरची चकती तो पकडते, अन् मोटार बोटं मिटवते. अप्पांनी बाटली धरली, पेन धरला. फोटो निघाले.

अप्पा शिबिरातल्या साहेबांना म्हणाले, "साहेब, मला धरायचं न्हाई. नुसता पसरून ठेवायचाय. निवांत."

साहेब हसले. "अहो काका, धरणं अवघड. पसरण्यात काय एवढं?"

तेच जमलं न्हाई, मायबापहो! तेच! पूजेला बसले अन् जरा नस हलली, की बोटं लिंगावर मिटायची. घाम आला, मिटायची. बंद केला तर बोटं अर्धी वाकडी. अप्पा त्या हातावरच ओरडायचे, "बाबा, पूजा करायलोय मी, चोरी न्हाई!"

मी शिबिरवाल्यांना फोन केले. किती केले! उत्तर एकच, "पुढच्या मॉडेलमध्ये बघू." अप्पा गेले. आता कुणासाठी बघता?

परवा आपल्या रीतीनं समाधीच्या खड्ड्यात अप्पांना बसवलं, तेव्हा मी मशीनचा हात घेऊन पुढं झालो. काकू म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. आता तरी त्यांना निवांत बसू दे." लिंग त्यांनी तुटक्या हातावर ठेवलं अन् पांढऱ्या कापडानं बांधलं.

काल शिबिरवाल्यांचा फोन आला. हात परत पाठवा म्हणे, दुसऱ्याला देऊ. देतो की. पण आधी त्या दुसऱ्याला विचारा, बाबा, तुला हातानं करायचंय काय? अन् तो सांगंल ते ऐका. हसू नका.

आता श्रद्धांजलीला कुणी उठू नका. दोन मिनिटं डावा तळहात छातीसमोर पसरून धरा. बोटं मिटू देऊ नका, हलू देऊ नका. बघा जमतंय का.

अप्पा, शरणु शरणार्थी.