केबलची जवळची वाट

मिस्त्री : ...आता बघा ताई, ओळंबा काय म्हणतो?

मुलगी : अजून पूर्वेला कलतोय. पश्चिमेची ताणाची तार आवळा. पूर्ण नको, अर्धा पेच.

मिस्त्री : अर्ध्या पेचानं काय होतंय? डोळ्याला दिसतसुद्धा नाही.

मुलगी : खाली दिसत नाही, वर वीतभर दिसतं. वारा सुटला की तो मनोरा तुम्हाला नाही विचारणार, दिसत होतं का म्हणून. आवळा.

आई : अगं, जरा गोड बोल. जमादारासारखी हुकूम काय सोडतेस?

मिस्त्री : सोडू द्या काकू. काका तर नुसती शिटी मारायचे. पाया भरताना एक बोल्ट तिरका बसला, तर ओलं काँक्रीट परत उपसायला लावलं मला. ताई निदान तोंडानं बोलतात.

आई : आणि पाया सुकायच्या आत यांनी अंथरूण धरलं. मला वाटलं, आता त्या बोल्टांवर दोडक्याचा वेल चढवावा लागणार.

मुलगी : वेल नाही, मनोरा चढला. आणि सरळ चढलाय. बघ, दोरी कशी मधोमध आली!

मिस्त्री : शेजारच्या वहिनी विचारत होत्या, एवढा उंच केलाय तर त्यांच्या मोबाईलला रेंज वाढेल का.

मुलगी : त्यांना म्हणावं, हे हौशी लोकांचं रेडिओ स्टेशन आहे. मी परीक्षा दिली, परवाना काढला. त्यांनी पण द्यावी, मग हव्या त्या देशाशी बोलावं.

आई : असलं काही सांगू नका हो. घरातली साखर संपली की मी त्यांच्याच दारात उभी असते.

मिस्त्री : बरं, मनोरा झाला, वर अँटेना बसली. राहिली ही केबल. भोक कुठे पाडायचं?

मुलगी : जिन्याच्या भिंतीत.

मिस्त्री : जिन्याच्या? म्हणजे अख्ख्या घराला वळसा? अहो, ही खिडकी समोर आहे. हिच्याखालून आत शिरलो की काम संपलं.

मुलगी : जिन्यातच पाडा.

मिस्त्री : मघाशी तुम्हीच सांगत होता, केबल जितकी लांब तितका आवाज वाटेत जिरतो.

मुलगी : जिरेल थोडा. चालेल.

आई : मघाशी अर्ध्या पेचाचा फरक चालत नव्हता.

मुलगी : आई, ती बाबांची खोली आहे.

आई : मला माहीत आहे कुणाची आहे.

मुलगी : तुलाच त्रास होईल. रोज तिथे खरखर, कुणाकुणाचे आवाज, माझी बडबड. तुझ्यासाठी म्हणतेय मी.

आई : माझ्या नावावर खपवू नकोस. मी रोज सकाळी जाते त्या खोलीत. केर काढते, खिडकी उघडते. दुपारी तिथेच, त्यांच्या कॉटवर, पेपर वाचत पडते. ऊन छान येतं.

मुलगी : तू तिथे पडतेस?

आई : मग? खोलीच आहे ना ती? दाराशी आलं की तुलाच काहीतरी आठवतं. कधी गॅस बंद करायचा असतो, कधी कुणाला फोन. परवा त्यांच्या कपाटात ठेवायच्या चादरी उंबऱ्याबाहेर जमिनीवर ठेवून गेलीस.

मुलगी : घाईत होते.

आई : इतके महिने?

मिस्त्री : मी जरा पाणी पिऊन येतो, काकू.

आई : थांबा हो तिथेच. तुमच्या भोकाचंच चाललंय.

मुलगी : आत गेलं की मला त्यांचा श्वास ऐकू येतो, आई. शेवटच्या दिवसांतला. त्या खोलीतलं बाकीचं काही आठवतच नाही. तेवढाच.

आई : मलाही यायचा.

मुलगी : मग?

आई : मग मी भाजी निवडायला तिथे बसू लागले. शिवण घेऊन बसले. एकदा तर मावशीशी फोनवर तिथूनच कडकडून भांडले. तो श्वास काही एकदम गेला नाही. पण त्याच्यावर रोज दुसरं काहीतरी साचत गेलं.

मुलगी : आणि माझा नाही गेला तर?

आई : तर ने केबल जिन्यात. इथलं भोक काय, बुजवता येतं. येतं ना हो?

मिस्त्री : चिमूटभर सिमेंटचं काम, काकू.

मुलगी : ...ड्रिल द्या इकडे.

मिस्त्री : मी पाडतो की.

मुलगी : नको. आतून पाडायचं, बाहेरच्या बाजूला उतार ठेवून. म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही. तुम्ही खिडकीखाली उभे राहा. टोक दिसलं की ओरडा.

आई : मी येऊ आत?

मुलगी : ये.

(आतून ड्रिलचा आवाज. मध्येच थांबतो. पुन्हा सुरू होतो.)

मिस्त्री : आलं! आलं टोक! थांबवा ताई, माझं नाक जाईल!

मुलगी : सरकवा केबल. अजून. अजून थोडी... हं, आली हातात. आता तो रेडिओचा सेट उचलून आणा, जड आहे. खिडकीतूनच द्या, टेबलावर.

आई : केस बघ तुझे. पांढरीफटक झालीस चुन्यानं.

मुलगी : तुझ्यासारखी दिसत असेन.

आई : माझ्यासारखी दिसायला अजून पुष्कळ पावसाळे आहेत. एवढंच वाजतं का हे? नुसती खरखर?

मुलगी : थांब, बटण फिरवू दे. सावकाश फिरवायचं असतं... ऐक.

मिस्त्री : अरेच्चा, बोलतंय की कुणीतरी! कुठून हो?

मुलगी : लांबून. आवाज कसा लाटेसारखा वर येतो, खाली जातो, बघा.

आई : मग बोल ना तू!

मुलगी : त्याचं होऊ दे. मध्ये तोडायचं नसतं.

मिस्त्री : आणि उभ्यानं बोलणार? थांबा, अंगणातली खुर्ची देतो खिडकीतून.

मुलगी : राहू द्या. आई, कॉटवर जरा सरक.