आईच्या नावाखाली

रूबेन : आत्मपरीक्षण कोणाच्या बापाले जमत नाही वं दीपे. मले जमलं! लेंटचे उपास संपाची वाटच नाही पाहिली. टॉर्च मारून सारं मन पाहून घेतलं. एकच डाग सापडला, तोही काल साफ करून टाकला.

दीपमाला : कोणता डाग?

रूबेन : तू.

दीपमाला : मी डाग होय, दादा?

रूबेन : तसं नाही वं. आईच्या कबरीच्या दगडावर तुझं नाव राहून गेलं होतं ना...

दीपमाला : राहून नव्हतं गेलं. तू टाकलं नव्हतं. मुलगा रूबेन, सून अपेक्षा, नातू अंकित. तुमच्या कुत्र्याचं तेवढं राहिलं. अन् आई अंथरुणाले खिळली तवा हगणंमुतणं कोणं काढलं?

रूबेन : जागा नव्हती दगडावर.

दीपमाला : होती. तिथं तू द्राक्षाचा वेल काढाले लावला.

रूबेन : जुनं उकरू नको, उपासाचे दिवस आहेत. पाळकसाहेब म्हणाले, ज्याच्यावर अन्याय केला त्याच्याकडे स्वतः जा. मी गेलो.

दीपमाला : कोणाकडे?

रूबेन : दगड कोरणाऱ्या मिस्त्रीकडे.

दीपमाला : वा!

रूबेन : म्हणजे फोन केला. म्हटलं, आईच्या नावाखाली दीपमाला टाक, मोठ्या अक्षरात. ईस्टरच्या पहाटे चर्चची सारी मंडळी तिथं येते, पाहून घेतीन. आता रुसवा सोड. आई गेल्यापासून तू माझा उंबरठा नाही चढली. ईस्टरले जेवाले ये.

दीपमाला : मी सकाळीच जाऊन आली कबरीवर.

रूबेन : अरे वा! कसं वाटलं?

दीपमाला : आपलीच कबर पाहून कसं वाटते?

रूबेन : म्हणजे?

दीपमाला : आईच्या नावाखाली माझं नाव. आईएवढंच. बाजूले क्रूस. खाली, 'दोघी प्रभूमध्ये निजल्या'. चौकीदारानं मले पाहून झाडूच टाकला हातातला.

रूबेन : अबे! बर्डीच्या बाजारातल्या गर्दीतून फोन केला होता मी. त्याले अर्धंच ऐकू गेलं असंन.

दीपमाला : अन् मंडळीच्या ग्रुपवर तू फोटो टाकला तो? वाचला नाही?

रूबेन : सोनेरी रंग पाहिला. छान दिसून राहिला होता.

दीपमाला : जरीपटक्याहून शोभाताईचा फोन आला. माझ्याशीच बोलते अन् मलेच विचारते, दीपमाला कशानं गेली? म्हटलं, ताई, मी जिवंत आहे. तर म्हणते, रूबेननं टाकलं म्हणजे खरंच असंन.

रूबेन : सारी मिस्त्रीची चूक.

दीपमाला : टॉर्चमधी तोच दिसला काय?

रूबेन : थांब, लावतो त्याले. हॅलो! कबरस्तानातच आहे का? बरं झालं. मशीन बंद कर पहिले, ऐकू नाही येत. अरे, माझ्या आईच्या दगडावर दोन-दोन नावं कायले? त्या बाईचं नाव काढून टाक. हो, बाईचं! आत्ताच्या आत्ता!

दीपमाला : माझं नाव घे ना. जीभ झिजते काय?

रूबेन : समजते त्याले.

दीपमाला : दादा, मले दगडावर नाव नकोच होतं. एकदा तोंडानं म्हण, दीपे, मी चुकलो. ईस्टरले येते मी. पोळ्याही लाटीन.

रूबेन : एवढं केलं तरी? मटन सोडलं, तंबाखूचा खर्रा सोडला...

दीपमाला : तीन शब्द आहेत.

रूबेन : ...चूक झाली.

दीपमाला : कोणाची?

रूबेन : झाली ना आता. माणसाच्या हातून होतेच.

दीपमाला : कोणत्या माणसाच्या?

(फोन वाजतो.)

रूबेन : हां, बोल. झालं? एवढ्यात? फोटो पाठव... आला.

दीपमाला : काढलं नाव?

रूबेन : काढलं.

दीपमाला : मंग तोंड काहून उतरलं?

रूबेन : आईचं काढलं. तुझं आहे.